ओबाँच्या घरी व्हँसाँबाबा

ओबाँ मूजोबद्दल आमच्या गावात कोणालाही विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं: "हट्टी होता." मग खांदे उडवतील नि दुसऱ्या विषयावर जातील. मला ते ऐकलं की संताप येतो. या माणसाला मी जन्मभर पाव विकला आहे. माणूस रोज कोणता पाव घेतो, कधी अर्धाच मागतो, कधी शिळा चालेल म्हणतो, एवढ्यावरून बेकरीवालीला जे कळतं ते सख्ख्या भावालाही कळत नाही. ओबाँला तर सख्खा भाऊही नव्हता.

तो जन्मला एक मार्चला, म्हणजे संत ओबाँच्या दिवशी. त्याची आई एर्नेस्तीन, तिचं माहेर टेकडीपलीकडचं सेंट ओबाँ गाव. आणि बापाने उतारावर वेल लावले होते तेही ओबाँ जातीचेच, आमच्या तूलकडची जुनी पांढरी द्राक्षं. पोराचं नाव काय ठेवायचं याच्यावर त्या घरात फार खल झाला असेल असं मला वाटत नाही. शाळेत पोरं त्याला विचारायची, "काय रे, तुला यंदा कधी तुडवायचं?" तो हसायचा नाही नि चिडायचाही नाही, नुसता बघत राहायचा. अशा पोराला चिडवण्यात कोणाला मजा येणार? हळूहळू चिडवणंही थांबलं, आणि चिडवण्याबरोबर बोलणंही.

बाप लढाईवर गेला तो जर्मनांच्या छावणीतून परत आलाच नाही. मग घरात आई आणि हा. मोठा झाल्यावर सरकारने त्याला अल्जीरियाला धाडलं. तिकडून आला तर ज्या मुलीवर त्याचा जीव होता तिने तूलच्या एका रेल्वेवाल्याशी लग्न लावलेलं. त्याबद्दल तो माझ्याशी एकदाच बोलला, तेही मी पाव कागदात गुंडाळत होते तेवढाच वेळ.

मी स्वतः या गावची नाही. पाँतामूसोंची. बेकरीवाल्या रेमोंशी लग्न करून आले आणि आल्यापासून गल्ल्यावर उभी राहिले. मी तशी तोंडाळ. आलेल्या वर्षीच अर्ध्या गावाला अरेतुरे करायला लागले, ओबाँलाही. तो मात्र माझ्याहून मोठा असून शेवटपर्यंत मला "बेकरीवाल्या बाई" म्हणायचा आणि अहोजाहो करायचा. मी म्हणायचे, "अरे बाबा, हुगेत नाव आहे माझं." तो म्हणायचा, "हो, माहीत आहे, बेकरीवाल्या बाई." करा आता काय करायचं ते.

आता व्हँसाँबाबाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. संत व्हँसाँ म्हणजे द्राक्षवाल्यांचा पाठीराखा. आमच्या गावात त्याची हातभर उंचीची लाकडी मूर्ती आहे, एका हातात छाटणीचा कोयता, दुसऱ्यात घोस. नाकाचा शेंडा कोणाच्या तरी आजोबांनी पायरीवर आपटून घालवला. पुढे कोणाच्या तरी मेव्हण्याने हौसेने रंग दिला आणि भुवया अशा चढवून ठेवल्या की बाबाला सदा न कदा कशाचं तरी नवलच वाटत असतं. हा बाबा चर्चमध्ये राहत नाही. जानेवारीत त्याचा सण असतो, त्या दिवशी तो एका घरातून निघतो आणि दुसऱ्या घरी जाऊन वर्षभर राहतो. ज्या घरी बाबा, त्या घराच्या दाराला दिवसा कडी लावायची नाही, नुसतं लोटून ठेवायचं. मळ्यातून येणाराजाणारा सरळ आत शिरतो, बाबाच्या कोयत्याला बोट लावतो, एक पेला रिचवतो, बायकोच्या नाहीतर पाठीच्या नावाने रडगाणं गातो आणि चालू लागतो. दार ठोठावायचं नाही, आमंत्रणाची वाट बघायची नाही.

आमच्या बेकरीला मळा नव्हता, त्यामुळे बाबा आमच्याकडे यायचा प्रश्नच नव्हता. ज्या घरी स्वतःच्या द्राक्षांची वाइन होते त्याच घरी तो जातो. आणि सुतकाच्या घरी जात नाही. एवढेच नियम.

मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी बाबा मूजोंकडे जायचा होता. एर्नेस्तीनने पडदे धुतले होते, पुढच्या खोलीला चुना काढून घेतला होता, मला दोन ब्रिओशची, म्हणजे सणाच्या गोड लोण्याच्या पावांची, ऑर्डरही देऊन ठेवली होती. द्राक्षं खुडायच्या हंगामातच ती आजारी पडली आणि नाताळच्या आत गेली. सुतक आलं. बाबा मूजोंचं दार ओलांडून पुढच्या घरी गेला. याच्यात कोणाचं काही चुकलं नाही, रीतच तशी आहे.

गोम पुढे आहे. सुतक संपल्यावर ज्या घरी बाबा असेल तिथे आपल्या वाइनची बाटली घेऊन जायचं आणि म्हणायचं, "आमचं दार उघडं झालं." मग पुढचा जानेवारी त्या घराचा. हे काम घरातल्या बाईचं. म्होरक्या सोडला तर बाकी पुरुषांना त्यातलं काही ठाऊकही नसायचं, त्यांना वाटायचं द्राक्षवाल्यांच्या मंडळाचा म्होरक्या येऊन विचारतो. आणि ओबाँच्या घरातली बाई तर तीच, जिचं सुतक होतं.

तर ओबाँ वाट बघत बसला, म्होरक्या येईल म्हणून. तेव्हा म्होरक्या होता म्हातारा तेओफिल ग्राँजाँ. तो वाट बघत बसला, बाटली येईल म्हणून. ग्राँजाँने मनाशी धरलं, एकटा गडी, स्वयंपाक कोण करणार, नको असेल त्याला. ओबाँने मनाशी धरलं, एकट्याच्या घरी बाबाला कोण ठेवणार, नको असेन मी त्यांना. दोघेही मूग गिळून. रविवारी चर्चच्या पायरीवर दोघे हात मिळवायचे आणि थंडी पडलीय म्हणायचे. पुढे ग्राँजाँ वारला, त्याचा मुलगा दानिएल म्होरक्या झाला आणि बाबाच्या घरांची नावं घेताना मूजोंचं नावच लोकांच्या तोंडी येईनासं झालं.

बाटलीची रीत मला गावातल्या बायकांकडून कळली होती, पण हे दोघे मनाशी काय धरून बसलेत ते माहीत नव्हतं. मला दिसायचं एवढंच, की दर जानेवारीत सण जवळ आला की ओबाँ पाव घेता घेता विचारायचा, "यंदा कोणाकडे, बेकरीवाल्या बाई?" सगळ्या गावाला माहीत असायचं, त्यालाही माहीत असायचं. मी नाव सांगायचे. तो म्हणायचा, "बरं झालं, चांगलं घर आहे." आणि जायचा. मला वाटायचं, बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारत असेल. एकट्या माणसांचं तसं असतं, हवेबद्दलही ती अशी विचारतात जणू तुम्ही आकाशातून आलात.

दरम्यान गावाने आपापल्या मळ्यांतले ओबाँ जातीचे वेल उपटून टाकले. आमच्या गावाने म्हणजे सगळ्यांनीच. थोडं देणारं द्राक्ष, वाइन झोंबणारी, आणि तूलच्या बाजारात आता लोकांना गुळगुळीत हवं असतं. दानिएल ग्राँजाँने ट्रॅक्टर आणला, तारा ताणल्या, नवे वेल लावले. ओबाँच्या तुकड्यावर त्याचा डोळा होता आणि त्याने सरळ विचारलंही. ओबाँ नाही म्हणाला. गुडघे गेले तरी नाही म्हणाला. काठी टेकत उतार चढायचा, एक वेल छाटायचा, बसायचा, मग दुसरा. "स्वतःच्या नावाच्या प्रेमात पडलाय म्हातारा," असं दुकानात म्हणायचे, आणि हसायचे. हट्टी हा शिक्का तेव्हाचा.

रेमों गेल्यावर मी काही वर्षं भट्टी चालवली. मग डॉक्टरने माझ्या कंबरेचा फोटो काढला आणि म्हणाला, मादाम, आता पुरे. दुकानाच्या शेवटच्या जानेवारीत ओबाँ आला. दोन्ही गुडघ्यांना पट्टे, नाक लाल, बोटांवर छाटणीचे ओरखडे. म्हणाला, "यंदा कोणाकडे, बेकरीवाल्या बाई?"

माझं डोकं आधीच फिरलेलं. दुकान बंद करायचं म्हणजे काय हे ज्याचं त्यालाच कळतं. मी त्याच्यावरच घसरले. "कोणाकडे जायचंय ते जाईल! तू ते वेल उपटून टाक आधी! कोणासाठी मरतोस त्या उतारावर? पोरं आहेत तुला? सून आहे?"

तो म्हणाला, "वेल काढले तर स्वतःची वाइन नाही."

"मग नसू दे!"

"स्वतःची वाइन नाही तर बाबा येणार नाही."

मी पाव कापत होते, ती थांबले. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. म्हटलं, "अरे, तुझ्याकडे बाबा कुठे येतो?"

"येत नाही. पण वेल काढले तर येऊच शकणार नाही."

मग मी त्याला गल्ल्यामागच्या स्टुलावर बसवलं आणि एकेक करत काढून घेतलं. म्होरक्या येऊन विचारतो म्हणे! इतकी वर्षं हा माणूस म्होरक्याची वाट बघत होता. दर वर्षी पुढची खोली झाडून ठेवायचा, सण होऊन जाईपर्यंत. मी कपाळावर हात मारला. "अरे देवा! ओबाँ, बाटली न्यायची असते रे! सुतक संपल्यावर बाटली!"

"कोणी?"

"घरातल्या बाईने!"

"घरात बाई नव्हती," तो म्हणाला. तक्रार नव्हती त्यात, नुसतं सांगितलं. ते ऐकून मी आणखीच ओरडले, "मग आता तू ने! ऊठ! आत्ताच्या आत्ता! बाबा सध्या दानिएलकडेच आहे. जा, घाबरतोस काय? तो काय खातो की काय तुला?"

तो घरी गेला. मला वाटलं, झालं, आता हा दाराआड बसणार. पण थोड्या वेळाने रविवारचा कोट घालून रस्त्यावर आला, बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. ग्राँजाँच्या फाटकासमोर तो इतका वेळ उभा राहिला की माझ्या दुकानाच्या काचेला माझ्या श्वासाची वाफ धरली. बाबाच्या घरी घंटी वाजवायची नसते, पण हा तसा आत शिरणारा नव्हे, म्हणून मी ती वाफ पुसत होते आणि तोंडाने "वाजव, वाजव, मेल्या, घंटी वाजव" म्हणत होते. वाजवली त्याने.

दानिएल तसा मनाने वाईट नाही. तो बाटली बघून खालीच बसला म्हणे. "अहो ओबाँ, आम्हाला वाटलं तुम्हाला नकोच आहे!" यंदाचं घर ठरून गेलं होतं, पण पुढचा जानेवारी ओबाँचा असं त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं. ओबाँ परत येताना दुकानात शिरला. पाव सकाळीच नेला होता, तरी एक मागितला. मी पैसे घेतले नाहीत. त्याने पाव काखेत धरला आणि म्हणाला, "खोलीला चुना काढायला हवा." एवढंच.

त्या वर्षी ओबाँने जे काय केलं! चुना काढला. खिडक्यांना रंग दिला. जुन्या पिंपाच्या फळ्या तासून बाबासाठी भिंतीत फडताळ बसवलं. दोन डझन पेले आणले. सगळे सारखे हवेत म्हणाला. येणारे गडी दमून येतात, बसायला हवं, म्हणून दोन बाकडी आणली आणि दाराच्या दोन्ही बाजूंना लावली. मी विचारलं, "एवढे कोण येणार आहेत?" त्याने बोटांवर नावं घ्यायला सुरुवात केली. अर्धी नावं दफनभूमीत गेलेल्यांची होती.

सणाचा दिवस मात्र असा झाला की विचारू नका. थंडी मरणाची, तरी सगळं मंडळ पट्टे-टोप्या घालून हजर. बाबाला खांद्यावर घेऊन चर्चमधून मिरवत आणलं, बँडवाल्यांचे ओठ वाद्याला चिकटत होते. मी कंबर धरून भट्टी शेवटची पेटवली आणि सहा ब्रिओश भाजून दिल्या. डुकराचं मांस आणि कोबी घालून मोठं पातेलं मी आणि ग्राँजाँच्या सुनेने चढवलं होतं. मिराबेल नावाच्या पिवळ्या आलुबुखारांचे टार्टही होते. पुढची खोली खच्चून भरली, काचांवरून पाणी ओघळायला लागलं. ओबाँची वाइन फिरली. पहिल्या घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी. दानिएल ओरडला, "ओबाँ, अगदी तुमच्यासारखीच आहे हो! आधी झोंबते, मग सवय होते!" सगळे हसले आणि ओबाँही हसला. मी त्याचे दात त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. संध्याकाळी निघताना प्रत्येक जण म्हणाला, "येतोच हं ओबाँ, आता येणं होणारच." तो प्रत्येकाला म्हणाला, "दार लोटलेलंच आहे."

आणि मग कोणीही आलं नाही.

म्हणजे कोणाशी वैर नव्हतं हो. ग्राँजाँची पोरं ट्रॅक्टरवर उतार चढतात, कानाला काहीतरी लावलेलं असतं, त्यांना रस्त्यात दार दिसतच नाही. बाकीचे नाँसीला नोकरीला, मळा शनिवारपुरता, तोही मोटारीने जायचं नि मोटारीने यायचं. छाटणीला कंत्राटी माणसं गाडी भरून येतात, डबा गाडीतच खातात, गाडीतूनच जातात. पायी जाणारा माणूस उरला असेल तर तो ओबाँ, आणि तो तर घरात बसलेला, कोणी आलं आणि आपण नसलो तर काय, म्हणून. मळ्यात जायचा तो झुंजूमुंजू असताना आणि गाव उठायच्या आत परत. छाटणी अर्धीच झाली त्याची त्या वर्षी.

पूर्वी तो मधल्या स्वयंपाकघरात बसायचा, आमच्याकडच्या घरांमध्ये तीच एक उबेची जागा. आता दिवसभर पुढच्या खोलीत, शेगडीत लाकूड घालत, दाराकडे तोंड करून. टेबलावर पेले पालथे. बाबा फडताळात भुवया चढवून. मी दर दोन दिवसांनी जायचे, दुसरं मला तरी काय काम होतं? बेकरी बंद झाल्यापासून मीही दिवसभर भिंतींशीच बोलत होते, खोटं कशाला सांगू. जायचे, बाबाच्या कोयत्याला बोट लावायचे, पालथा पेला सुलटा करायचे. एकदा म्हटलं, "बघ, आले की नाही मी?"

तो म्हणाला, "तुम्ही धरायच्या नाहीत, बेकरीवाल्या बाई. बाबा नव्हता तेव्हाही तुम्ही यायच्याच."

मला हसावं की रडावं कळेना. बाहेर मोटार हळू झाली की तो खुर्चीच्या हातांवर भार देऊन अर्धा उठायचा. मोटार पुढे जायची, वळणावर सगळ्यांनाच हळू व्हावं लागतं. तो परत बसायचा आणि शेगडीत लाकूड घालायचा, आत आधीच लाकूड असलं तरी.

उन्हाळ्यात सायकलवरून फिरणारं एक डच जोडपं रस्ता विचारायला थांबलं. ओबाँने त्यांना जवळजवळ ओढूनच आत नेलं. पेले भरले, बाबाचा कोयता दाखवला, बोट लावायला लावलं. त्यांना भाषा येत नव्हती. ती बाई घोट घेऊन म्हणाली असावी की छान आहे, आणि नवरा घड्याळ बघत होता. त्या दोघांबद्दल ओबाँ मला द्राक्षं खुडेपर्यंत सांगत होता. बाईच्या सायकलला पुढे टोपली होती. नवऱ्याला उन्हाने भाजलं होतं. परत येतील का, असंही एकदा विचारलं मला.

मी दानिएलला रस्त्यात गाठून झाडलं. "लाज वाटते का रे? तो माणूस दाराकडे डोळे लावून बसतो दिवसभर!" दानिएल खरंच ओशाळला. "हो हो हुगेत, जायचंच आहे, हंगाम संपू दे." हंगाम संपला आणि मग त्याच्या सुनेचं बाळंतपण आलं. काय बोलणार? त्या घरात नातू झाला, त्याला मी नावं ठेवू?

परत जानेवारी आला. पुढचं घर शेजारचंच होतं, भिंतीला भिंत लागून. लोराँ आणि सेलीन, दोघं तरुण, दोघंही नाँसीला कामाला, दोन मुलं. घराबरोबर थोडे वेल मिळाले म्हणून हौसेने वाइन करायला लागलेली. सणाआधीच्या रविवारी चर्चबाहेर लोराँ दानिएलला म्हणाला, "आम्ही दोघं दिवसभर बाहेर. दार लोटून ठेवायचं म्हणजे पंचाईत आहे. बाबा मस्यू मूजोंकडेच राहू दे की. एकटे असतात, त्यांना सोबत होईल."

सगळ्यांना ते एकदम पटलं. दानिएल तर सुटल्यासारखा झाला, वर्षभराची टोचणी एका फटक्यात गेली त्याची. "उत्तम! ओबाँकडेच राहू दे, कायमचा राहू दे!" बायकांनी माना डोलावल्या, किती चांगला विचार, म्हणाल्या. खरं सांगते, मीही डोलावली. वाटलं, जन्मभर ज्याची वाट बघितली तो आता त्याच्याकडून कोणी नेणार नाही. ओबाँ कॉलर वर करून उभा होता. तो काहीच बोलला नाही, त्यामुळे सगळ्यांनी ते हो धरलं.

सणाच्या दिवशी रीतीप्रमाणे मंडळ त्याच्या दारात आलं. बाबाला उचलायचं, चर्चला न्यायचं, आणि परत इथेच आणून ठेवायचं असं ठरलेलं. ओबाँ बाबाला छातीशी धरून उंबऱ्यात आला, त्याच रविवारच्या कोटात. दानिएलने हात पुढे केले. ओबाँने दिला नाही. लोराँ आणि सेलीन मुलांना घेऊन मागे उभी होती, तो चालत त्यांच्यासमोर गेला.

"घ्या," तो म्हणाला.

लोराँ गडबडला. "अहो मस्यू मूजो, आपलं ठरलंय ना! तुमच्याकडेच राहू दे. आमची काही तक्रार नाही."

"घ्या. पाळी तुमची आहे."

सेलीनने हात पुढे केले, पण मध्ये एक रीत राहिली होती. बाबाला देणाऱ्याने चारचौघांत म्हणायचं असतं, "आमच्या घरी याला काही कमी पडलं नाही." ते म्हटल्याशिवाय घेणाऱ्याने हात लावायचा नाही. दानिएल हळूच म्हणाला, "ओबाँ, ते म्हणा ना."

बँडवाला थंडीने पाय आपटत होता, तो थांबला.

"म्हणा की, ओबाँ. नुसतं म्हणायचं असतं."

"मला ते म्हणता येणार नाही," ओबाँ म्हणाला. "कमी पडलं. शेगडी मी विझू दिली नाही, वाइन होती, पेले होते. पण माणसं कमी पडली. त्याला घराघरांतून राहायची सवय आहे, बोलणं ऐकायची. माझ्याकडे वर्षभर कंटाळला तो. मला माहीत आहे ते कसं असतं. मी कोणावर तसं लादणार नाही."

दानिएलने टोपी काढली. कोणाला कुठे बघावं कळत नव्हतं.

सेलीनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती म्हणाली, "पण मस्यू मूजो, आमच्याकडेही कोणी येत नाही हो. दिवसभर घर बंदच असतं."

"संध्याकाळी असता की तुम्ही," ओबाँ म्हणाला. "पोरं रडतात. तुम्ही दोघं भांडता, भांडी आदळता, मग हसता. मला भिंतीतून सगळं ऐकू येतं. तेवढं खूप आहे." आणि त्याने बाबा तिच्या हातात दिला.